सव्वीसचं ॲव्हरेज

“तात्या, डिझेल असली म्हणून काय सव्वीस देते? माझा मेकॅनिक म्हणतो, अठराच्या वर जायची नाही,” गाडी न्यायला आलेलं गिऱ्हाईक हसलं.

किल्ली देता देता तात्यांचा हात थबकला. उभ्या जन्मात त्यांना कुणी खोटं म्हटलं नव्हतं.

लेकीची पाठवणी करावी तसं बॉनेटला हळदकुंकू लावत काकू म्हणाल्या, “सव्वीसच देते. माझ्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून बारा वर्षं यांनी मला दर महिन्याला कोल्हापूरला नेलं. कधी गाडी दामटली नाही, कधी कचकन ब्रेक मारला नाही. ते ॲव्हरेज गाडीचं नाही, यांच्या पायाचं आहे.”

तात्या गोंधळले. “अगं, तू तर मागच्या सीटवर झोपलेली असायचीस.”

“झोप कुठली? डोळे मिटून पुढच्या खड्ड्याची वाट बघायचे,” काकू म्हणाल्या. “तुम्ही एकही लागू दिला नाहीत.”