साहेबांचा पासवर्ड

अठ्ठ्याऐंशी साली सत्यवती बो बासे या साहेबांच्या ऑफिसात कंपनीचा कंप्युटर सांभाळायची. शाखा सकाळी मोडेमवरून त्याला फोन लावत. पासवर्ड बरोबर असेल तरच तो आत घेई. पासवर्ड साहेबांनी तिला न सांगता ठरवलेला, सर्व शाखांना एकच. सुरिनामची शाखा आठवडाभर नाकारली जात होती. सत्यवतीने तिथे नवीन लागलेल्या कुंतीला फोनवर विचारलं, “काय टाइप करतेस?” “तुमचं नाव, दीदी.” “माझं?” “पुढे एक घाण शब्द आहे. आयो, तो लिहवत नाही मला.” “सांग.” कुंतीने कुजबुजून सांगितला. बाकीच्या शाखांतले पुरुष रोज सत्यवतीच्या नावापुढे तो लिहीत होते. “गंमत केली,” मागून साहेब हसले. तिने पासवर्ड बदलला आणि नवा फक्त कुंतीला सांगितला. साहेबांचं हसू मावळलं. “आणि आम्हांला?” “सुरिनामला फोन करून मागा. तिला द्यावासा वाटला तर देईल.”