तिसऱ्या मजल्यावरचा गाळ

धरणाच्या पाण्यात खालची वस्ती बुडाली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आमच्याकडे थेंबही आला नाही. तरी चौथ्या दिवशी बाहेरच्या खोलीत, भिंतीवर घोट्याएवढ्या उंचीवर गाळाची ओळ उमटली. बुळबुळीत, सडक्या माशासारखी घाण मारणारी. आई फिनेलने पुसून पुसून थकली.

पुराच्या चौकशीला आलेल्या सरकारी बाई नाकाला रुमाल लावूनच बसल्या. "इथवर पाणी आलं होतं?"

"छे हो, तिसरा मजला आहे," आई म्हणाली.

"बरं. आपत्ती नैसर्गिक की मानवनिर्मित, एवढंच मला लिहायचंय. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजला?"

"वाजला की! वहीत वेळ आहे," बाबा म्हणाले. "पाऊसच तसा होता. निसर्गापुढे कुणाचं चालतं?"

धरणाचे दरवाजे बाबाच उघडतात. भोंग्याची वेळ ते रोज सकाळीच वहीत लिहून मोकळे होतात. त्या दिवशीही लिहिली होती. वाजवायचाच राहिला.

ओळ आता गुडघ्याएवढी वर होती. आई खाली मान घालून फडकं पिळत होती. मला आम्हा तिघांचीही शिसारी आली.

बाई माझ्याकडे वळल्या. "तू ऐकलास का गं भोंगा?"

शाळा सोडल्यापासून मला येताजाता 'बिनडोक' म्हणणारे बाबा माझ्याकडे भिकाऱ्यासारखे बघत होते. मानवनिर्मित लिहिलं की ते थेट जेलमध्ये.

"ऐकला," मी म्हणाले.

बाईंनी 'नैसर्गिक'वर खूण केली.

भिंतीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी तोंड मिटलं, तर दातांखाली गाळ कचकचला.