आबांचा डावा पाय
विंचू चावलेल्या लहानग्या सत्यमला खांद्यावर घेऊन कार्ल्याच्या पायऱ्या उतरताना महिपतीआबांचा डावा पाय मोडला आणि कायमचा लंगडा राहिला. पुढं सत्यमनं त्या लंगडण्याचा ताल ढोलकीवर बसवला, तसं चालून दाखवलं आणि विनोदी नट म्हणून एवढा गाजला, की घाटातले ट्रकसुद्धा म्हणे लंगडत चढू लागले. आबांना मात्र घराबाहेर पडणं नकोसं झालं. पोरं मागं डबे बडवत यायची. लोणावळ्यात सत्यमचा सत्कार ठरला, तेव्हा आबा काठी घेऊन निघाले. ते लंगडत स्टेजवर चढले आणि सभागृह हसून लोळलं. सत्यम माइकवर म्हणाला, "आबा, पाय आणखी ओढा, नीट जमत न्हाई तुमाला!" "व्हय? मग ह्यो ताल धर," म्हणत आबांनी त्याच्या पाठीत काठी घातली. विनोदच समजून लोक ओरडले, "वन्स मोअर!" आबांनी रसिकांचा मान राखला.