हत्तीचा आवाज

“टीव्हीच्या आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. आणि धाकट्याला रडू द्यायचं नाही. बाबांची झोप मोडली तर आज रात्री पुन्हा यंत्रापुढे डुलक्या घेतील. कबूल?”

“कबूल,” मोठी म्हणाली होती. आई दार ओढून कामाला गेली, पण ते शब्द खोलीतच राहिले.

खोली एवढीशी. एका भिंतीला टीव्ही, दुसरीला टेकून बाबांचं अंथरूण, आणि मध्ये ही दोघं. बाबांच्या उजव्या हाताला बँडेज होतं. मागे रात्रपाळीत कागद कापायच्या यंत्राशी त्यांचा डोळा लागला आणि करंगळीचं टोक गेलं. “पुढच्या वेळी नोकरीच जाईल,” मुकादम म्हणाला. दुसऱ्या रात्री ते तसेच कामावर गेले.

पडद्यावर हत्ती नदीत उतरत होता. मोठी धाकट्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. हत्ती घोगरा, ससा नाकातून, नदी म्हणजे नुसता श्वास. जाहिरात लागली की साबणाची बाईही तीच.

शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या होत्या, “मुका टीव्ही कसला बघता गं? पाठव त्याला आमच्याकडे.” धाकटा गेला. तिथे तोच हत्ती मोठ्यांदा बोलायला लागला, तसा हा भोकाड पसरून परत.

“तो खोटा हत्ती आहे. ताईचा खरा.”

“घ्या. पोराला चांगलंच येडं केलंय हिनं,” काकू म्हणाल्या. पुन्हा काही त्यांनी बोलावलं नाही.

हत्ती नदीच्या मध्यावर आला आणि पडदा काळा झाला. पंख्याची घरघर मंदावत थांबली. बाबांनी कूस बदलली.

मोठीने दिव्याचं बटण दाबून पाहिलं. वीजच गेली होती.

“हत्ती बुडाला,” धाकटा म्हणाला.

“शू. नाही बुडाला.”

“मग दिसत का नाही?”

त्याचा ओठ मुडपला, छाती भरून आली. हे रडणं कुठवर जातं ते तिला ठाऊक होतं. तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याचे डोळे इतके मोठे झाले की तिने तो लगेच काढून घेतला. तिकडे बाबांच्या कपाळावर घाम आला होता. बँडेजचा हात उशीवरून घसरला. पापण्या हलल्या.

देवा, एवढी वेळ निभावून ने.

तिने दप्तरातून पुठ्ठा ओढला आणि पाठीमागे हात करून बाबांना वारा घालू लागली. दुसऱ्या हाताने धाकट्याला जवळ घेतलं, त्याचं तोंड काळ्या पडद्याकडे वळवलं. खिडकीच्या उजेडात तिथे दोन मुलं पुसटशी दिसत होती.

“बघ, नवीन लागलंय.”

तो हुंदका गिळून बघत राहिला.

“कोण आहेत ते?”

“एक ताई आहे. एक भाऊ आहे.”

“आणि मागे हत्ती झोपलाय?”

तिने पडद्यात पाहिलं.

“हो.”

“तो उठला तर?”

“त्याला उठू द्यायचं नाही,” ती त्याच्या कानात म्हणाली. मग पुठ्ठा हलवत, सशाच्या आवाजात, तिने गोष्ट सुरू केली.