शंभरातलं एक

काल लेक ऊर्जाच्या नेमबाजीसाठी काडतुसं भरताना दारावरची बेल वाजली, यशवंतचं लक्ष उडालं आणि घोटाळा झाला. आज जर्मनीतल्या घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, त्याने उरलेली पावडर मोजली, तर ती बरोबर एका मापाने कमी! म्हणजे शंभरातल्या एका काडतुसात पावडर दुप्पट. ते उडवलं तर पिस्तूल हातातच फुटणार. घाम पुसत त्याने पेटीतलं एकेक काडतूस उघडून पावडर तोलायला घेतली. नव्वदावं बिनचूक. शंभरावंही बिनचूक निघालं.

"वसुधा, या पेटीला कुणी हात लावला होता का?" तो खालूनच ओरडला.



"अहो, ती जुनी पेटी. कालची पेटी ऊर्जा सकाळीच स्टुटगार्टला स्पर्धेला घेऊन गेली. म्हणाली, बाबांनी ताजी भरलीत, डोळे झाकून चालवायची."