उरलेला स्क्रू

तेरा निघाले, तेरा बसले आणि एक उरला.

काकांनी फोन चालू केला. चालला. सात वर्षांचा फोन. नव्या फोनच्या दुकानात त्याला हातही न लावता ‘टाकून द्या’ म्हणाले होते. इथे चार्जिंगची पिन बदलल्यावर तो टेबलावर थरथरत होता. शेजारी रबरी पट्टीवर तिळाएवढा स्क्रू.

“झाला ना?” बाकावरचा ड्रायव्हर उठला. “मला गाडी काढायचीय. अजून किती वेळ?”

“नीट व्हायला लागेल तेवढा,” काका म्हणाले. हे ते सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणत.

फोन खोलताना काका पुठ्ठ्यावर त्याचं चित्र काढत आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्यावर जागच्या जागी टोचून ठेवत. पुठ्ठ्यावर भोकं तेरा. म्हणजे एक टोचायचा राहिला. म्हणजे तो दिसलाच नाही. म्हणजे...

त्यांनी फोन परत खोलला.

समोरच्या स्टुलावर पुतणी एका रेडिओची तार जोडत होती. अकरा वर्षं ती त्या स्टुलावर होती. काका तिला चिमटा म्हणत. हातातलं काही सुटत नाही म्हणून, आणि बोलली की लागतं म्हणूनही. तिने मान वर केली नाही, पण हात थांबवला.

तेरा निघाले.

तेरा बसले.

एक उरला.

“अहो काका, चालतोय ना? मग झालं तर,” ड्रायव्हर म्हणाला. “एक जास्तीचा निघाला म्हणून कुणी रडतं का?”

“गाडी खोलून जोडली आणि एक नट हातात राहिला, तर उतारावर न्याल?”

“नेलीय की.”

पुतणी हसली नाही. या दुकानाचा एकच नियम होता, दोन भावांनी मिळून केलेला: स्क्रू उरला की खुर्ची सोडायची. थोरल्याने सोडली होती. उठला, चपला घातल्या आणि कायमचा घरी गेला.

“बाबांच्या वेळी किती उरले होते?” तिने विचारलं.

“एकच.”

“त्यांनी किती वेळा उघडून पाहिलं?”

एकदाही नाही. आणि ‘दादा, एकदा उघडून बघ’ असं धाकट्यानेही म्हटलं नव्हतं.

काकांनी तिसऱ्यांदा पेचकस उचलला, फोनवर वाकले, आणि त्यांच्या चष्म्याची डावी काडी निखळून पुठ्ठ्यावर पडली.

ड्रायव्हरने काडी बघितली, पट्टीवरचा स्क्रू बघितला. मग तो इतका हसला की त्याला बाकावर परत बसावं लागलं. “डोळ्यांवरचा स्क्रू आणि शोधताय माझ्या फोनात!” फोन खिशात टाकून तो हसतच गेला. रस्त्यावरूनही त्याचं हसणं ऐकू येत होतं.

काकाही हसले. मोकळं, पोटातून. चष्मा उतरवला, काडी जागेवर धरली, स्क्रू चिमट्यात पकडायला गेले. चिमटा रबरावर नुसता फिरत राहिला. चष्म्याशिवाय स्क्रू दिसेना.

“बाबांनाही तेव्हा चष्मा होता,” पुतणी म्हणाली.

काकांचा हात टेबलावर थांबला. मग त्यांनी चष्मा आणि काडी पट्टीवर ठेवली, दिवा तिच्या बाजूला वळवला आणि खुर्ची मागे सारून उठले. टेबलाच्या कडेला धरत, चाचपडत वळसा घालून पलीकडे गेले, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात.

ती खुर्चीत बसली. स्क्रू तिला पहिल्याच नजरेत दिसला.

“किती वेळ लागेल?” काकांनी विचारलं.

तिने चष्मा दिव्याखाली ओढला.

“नीट व्हायला लागेल तेवढा.”