तंबूतला हात

पडद्यावरचा वसंत दोर गुंडाळून डोंगर उतरू लागला, तेव्हा मागच्या रांगेतून शीळ आली. "पळून राहिला बे, पाहा." थिएटर हसलं.

खरा वसंत अंधारात बसला होता, शेजारी जनाबाई. तिचा मुलगा ईश्वर गढवालच्या ज्या गिर्यारोहण मोहिमेत गेला, त्याच मोहिमेवर हा सिनेमा होता. नावंसुद्धा तीच ठेवली होती. आतापर्यंत वसंत चुका टिपत होता. एवढ्या थंडीत बोलणाऱ्यांच्या तोंडातून वाफ निघत नव्हती. लख्ख बर्फावर माणसं गॉगल कपाळावर चढवून हिंडत होती. मुंबईहून आलेल्या दिग्दर्शकाला त्याने सगळं तपशीलवार सांगितलं होतं. त्यातलं काहीच घेतलेलं दिसत नव्हतं.

मग ईश्वर दिसला. पाय मोडलेला, तंबूत एकटा. खाली जाणाऱ्या सोबत्यांकडे बघून त्याने हात हलवला. पडदा हळूहळू पांढरा होत गेला, तरी हात हलतच होता.

दिवे लागले. जनाबाई रडली नाही. बाहेर येऊन ती पोस्टरखाली थांबली. वसंतने आणलेलं पाणी तिने घेतलं नाही.

तो समजावू लागला. तिथे तंबू नव्हताच. उतारावरचा बर्फ सुटला आणि ईश्वरला घेऊन गेला, हे तिला त्याने परत आल्याबरोबर सांगितलं होतं. अंधार पडेपर्यंत सगळे बर्फ उकरत होते.

"मंग सिनेमाच्या सुरवातीले तो माणूस खरी गोष्ट हाये, असं काहून बोलला?"

"सिनेमावाले तसं म्हणतात, माय."

"अन् तू काय म्हणतं?"

सीताबर्डीच्या उन्हातून सावलीला आलेली माणसं आता यांच्याकडे बघत होती. दोघांनी त्याला पेपरातल्या फोटोवरून ओळखलं असावं. एकमेकांना कोपराने ढोसत होते.

ईश्वरचा देह मिळाला नव्हता. म्हणून रामटेकला, अंबाळा तलावाच्या काठावर, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता. डोक्याच्या जागी नारळ. जनाबाईला दुसरा मुलगा नव्हता. अग्नी द्यायला दिराचा मुलगा पुढे आला, तेव्हा तिने त्याला बाजूला सारून वसंतला बोलावलं. सगळ्या कोष्टीपुऱ्यासमोर म्हणाली, हा माहा दुसरा पोरगा. तेव्हापासून रविवारचं जेवण त्याचं तिच्याकडेच असे.

"जित्त्या पोराले आग लावली तू," जनाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "अन् मीच तुले बलावलं."

"तो जिवंत नव्हता, माय."

"हात दिसला का नाही दिसला? तेवढंच सांग."

वसंत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. शेवटचं काय पाहिलं, हे दिग्दर्शकानेही विचारलं होतं आणि त्याने जे पाहिलं तेच सांगितलं होतं. जनाबाईने कधी विचारलं नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं. ओठांपर्यंत आलंही.

"दिसला," तो म्हणाला. "वाहत्या बर्फातून वर आला. एक क्षणभर. मग नाही."

"वर आला," ती म्हणाली. जन्मभर मागावर बसलेल्या तिने, ताण्यातला तुटलेला धागा बोटाला लागावा तशी मान हलवली. पुढचं काही तिने ऐकलं नाही. त्या वेगाच्या बर्फात हात आपोआप वर फेकला जातो, आत श्वास किती टिकतो, तो सांगत राहिला आणि ती चालू लागली.

तीनच्या खेळाची खिडकी उघडली होती. जनाबाई बायकांच्या रांगेत उभी राहिली. वसंत मागोमाग गेला. ऊन फार आहे, घरी चला, म्हणाला. मग तिचा नंबर आला तसं त्याने स्वतःसाठीही पैसे पुढे केले.

तिने त्याचा हात खिडकीवरून खाली लोटला.

"एकच दे गा," ती आतल्या माणसाला म्हणाली. मग वसंतकडे वळली.

"तू जाय. तुले उतरता येते."